ताई येऊन गेल्या

हे खरं घडलेलं आहे. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. पुरावा म्हणून जी माणसं मी उभी करू शकलो असतो, ती एकेक करून माझ्या हातातून निसटली. कशी, ते पुढे येईलच.

असले प्रकार रात्री घडतात असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत सुरुवात झाली ती रविवारी, भर दुपारी. थंडी सरत आली होती. ज्या शहरात माझी बदली झाली होती, त्याच्या पूर्वेकडच्या उपनगरात आम्ही एक रिकामं घर बघत होतो. पडदे नव्हते. सामान नव्हतं. उघड्या खिडक्यांतून ऊन थेट भिंतीपर्यंत पोचत होतं. कोणाला लपायचं म्हटलं असतं तरी त्या घरात जागा नव्हती.

हे मुद्दाम सांगतोय.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी लिफ्टचा माणूस. बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं, चालू असलेल्या तपासणं, हेच आयुष्यभर केलं. आमच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. वर दोर घासतोय की खाली बेअरिंग गेलंय, हे अंधाऱ्या शाफ्टमध्ये उभं राहून नुसत्या आवाजावरून ओळखावं लागतं. माझे कान तयार आहेत म्हणूनच कंपनीने मला नव्या शहरातल्या वर्कशॉपवर पाठवलं. तेव्हा कसला तरी आवाज ऐकून घाबरणाऱ्यांतला मी नाही.

बायको फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या आखडलेल्या माना सरळ करता करता तिला घरातही कोणी वाकडं वागलेलं खपत नाही. मुलगी दुसरीत. तिला आम्ही ठकी म्हणतो. आणि माझे बाबा. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आता गुडघ्यांनी त्यांनाच दुरुस्तीला काढलंय. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

कंपनीने राहायला दोन खोल्या दिल्या होत्या, पण त्या तात्पुरत्या. उन्हाळ्याच्या आत रिकाम्या करायच्या होत्या. त्यामुळे दर रविवारी सगळं बिऱ्हाड घेऊन आम्ही उपनगरं पालथी घालत होतो. बायकोला शाळा जवळ हवी होती. बाबांना तळमजला हवा होता आणि बाहेर टेकायला एखादा बाक. मला वर्कशॉपला जायला सरळ रस्ता पुरे होता. ठकीची अट एकच, शेजाऱ्यांकडे कुत्रा हवा, कारण आम्ही तिला आणू देत नव्हतो.

घरं दाखवणाऱ्या एजंटचं नाव ठकीने चावीकाका ठेवलं होतं. त्यांच्या कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा की ते जिना चढू लागले की तीन मजले वर कळावं. बोलायला गोड माणूस.

तर ते पूर्वेकडचं घर. आम्हाला आवडलं. बघून झाल्यावर आम्ही एकेक करून बाहेर आलो. बाबा, मग बायको, मग ठकीचा हात धरून मी. चावीकाका कुलूप हातात घेऊन दाराशी उभे होते.

त्यांनी दार लावलं नाही.

दाराची फळी हाताने धरून ते आत बघत उभे राहिले. कोणाची तरी वाट बघतो ना आपण, तसे. चेहऱ्यावर हसू.

आणि मग… ते जरासे मागे सरकले. कोणाला तरी वाट द्यावी तसे.

मग त्यांनी दार ओढलं आणि कुलूप लावलं.

मला वाटलं, सवय असेल एकेकाला. मी विसरूनही गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, साहेब, त्या घराचा मी मालकांना नकार कळवून टाकलाय. मी उडालोच. आम्ही तर हो म्हणायच्या बेतात होतो. विचारलं, नको म्हणून कोणी सांगितलं?

"तुमच्या ताईंनी," ते म्हणाले. "सकाळी येऊन गेल्या. म्हणाल्या, हे नको."

मी म्हटलं, कोण ताई?

ते हसले. कालच्या तुमच्याबरोबरच्या ताई, अजून कोण. मी सांगितलं की मला बहीण नाही. ना सख्खी, ना चुलत. मग ते समजूतदार आवाजात म्हणाले की साहेब, घरोघरी काही ना काही असतं, मला त्यात पडायचं नाही.

आणि फोन ठेवून दिला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. दिवसातून दहा कुटुंबांना घरं दाखवतात, झाला असेल गोंधळ. मलाही ते पटलं. पण घर गेलं ते गेलंच.

पुढच्या रविवारी तलावापलीकडचं उपनगर. तिथलं घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. त्या मुलाकडे राहायला जाणार होत्या. या वेळी चावीकाकांना मी बरोबर घेतलं नव्हतं. नर्सबाईंशी परस्पर फोनवर बोलून वेळ ठरवली होती.

बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. आमच्याकडे बघून हसल्या आणि मग आमच्या मागे, फाटकाकडे बघायला लागल्या.

"बहीण नाही आली आज?"

मीही वळून फाटकाकडे बघितलं.

बायकोने माझ्या आधी स्वतःला सावरलं. कोणाबद्दल बोलताय, असं तिने विचारलं. नर्सबाईंनी जे सांगितलं ते असं. शुक्रवारी दुपारी एक बाई आली होती. भाऊ घर बघायला यायचाय, त्याआधी मी बघून जाते, म्हणाली. उंच, सडपातळ. नाक अगदी माझ्यासारखं. बोलताना मान जरा डावीकडे कलते तीही माझ्यासारखीच. सगळ्या खोल्या तिने निमूट बघितल्या. कुठल्या खोलीत ऊन येत नाही, एवढंच विचारलं. इथे सगळीकडेच ऊन येतं असं नर्सबाई अभिमानाने म्हणाल्या, तर ती त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली…

आणि रडायला लागली.

"इथे मला जागा नाही, म्हणाली." नर्सबाईंचा आवाज खाली आला. "मी पाणी आणायला आत गेले. येते तोवर निघून गेली होती."

आम्ही सगळ्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं. साधी वेताची खुर्ची. ठकी त्यात बसायला निघाली तसं बायकोने तिचा दंड धरून मागे ओढलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नर्सबाईंनी घर दिलं नाही. वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या, पण आधी तुम्ही भावंडांनी आपसात ठरवा.

घरी आल्यावर ठकीला खेळायला पाठवून आम्ही दोघं बाबांसमोर बसलो. मला विचारायचं धाडस होत नव्हतं. आईबापांच्या आयुष्यात आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टी असू शकतात. एखादं गेलेलं मूल. एखादं दुसरं घर. शेवटी बायकोनेच स्पष्ट विचारलं.

बाबा रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, आम्हाला हा एकटाच. याच्या वेळीच याच्या आईला इतका त्रास झाला की डॉक्टरांनी पुन्हा नको म्हणून सांगितलं. राहिलं दुसऱ्या घराचं, तर एका घराचं भाडं देताना माझ्या नाकी नऊ यायचे.

ते खरं बोलत होते. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही, त्यांचे कान लाल होतात. ते झाले नव्हते.

ही तारीख, हा चेहरा, हे उत्तर मी पक्कं लक्षात ठेवलंय. कारण पुढे…

असो. क्रमाने सांगतो.

मी ठरवलं, याचा सोक्षमोक्ष लावायचा. कोणीतरी आमच्या मागावर आहे, आपण कुठे जाणार ते तिला आधी कळतंय. मग कोणालाच कळू द्यायचं नाही. अगदी स्वतःलासुद्धा. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी वर्कशॉपमधून बाहेर पडलो, समोर जी बस उभी होती तिच्यात चढलो, आणि मनात आलं तिथे उतरलो.

ते उपनगर मी नावानेही ओळखत नव्हतो. सपाट रस्ते, बुटकी घरं, दोन्ही बाजूंना छाटलेली झाडं. एक शाळा, तिच्यासमोर एक लाकडी बाक. समोरच्याच एका फाटकावर घर विकायचं असल्याची पाटी होती. मी आत शिरलो.

पुढच्या खोलीत एक रंगारी शिडीवर चढून छताला हात मारत होता. मी काही बोलण्याआधीच त्याने वळून बघितलं आणि ब्रशने आतल्या बाजूला खूण केली.

"या. तुमच्या ताई आत आहेत."

मी तिथेच थिजलो.

तो म्हणाला की आत्ताच गेल्या मागच्या खोलीकडे, जा ना. आणि पुन्हा छताकडे वळला.

पळून जायला हवं होतं. अजूनही वाटतं, तेव्हा पळालो असतो तर. पण मला राग आला होता. आज ही बाई हाती सापडली होती.

मी आत गेलो. दुसरी खोली रिकामी.

आणि पलीकडच्या खोलीत… पावलं.

अनवाणी पावलं. हलकी. डावं पाऊल किंचित जोरात पडत होतं. मी आवाजाच्या मागे गेलो. ती खोलीही रिकामी. ताज्या रंगाचा वास. पावलं आता त्याच्या पुढच्या खोलीत.

मी थांबलो की ती थांबत होती.

मी चाललो की चालत होती.

शेवटची खोली मागच्या बाजूची होती. मी दारात उभा राहून ती पूर्ण बघितली. एकच दार, ज्यात मी उभा होतो. एकच खिडकी, तिला लोखंडी जाळी. बाहेर उंच भिंत, त्यामुळे ऊन आत येतच नव्हतं.

खोलीत कोणी नव्हतं.

मी दोन पावलं आत टाकली. आणि अगदी माझ्या शेजारी… कोणीतरी जमिनीवर बसलं.

दिसलं काहीच नाही. पण बसण्याचा आवाज असतो. कापड घसरतं, सांधा वाजतो, मग दमलेल्या माणसाचा सोडलेला श्वास. खूप लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा तो श्वास होता. माझ्या कमरेच्या उंचीवरून आला.

मग आवाज आला. शांत, जरा घोगरा.

"हे चालेल, दादा."

त्यानंतर मी रस्त्यावर कसा आलो, आठवत नाही. रंगारी मागून काहीतरी विचारत होता. आणि त्या सगळ्यात एकच विचार डोक्यात घुमत होता. सगळे तिला ताई म्हणतात, पण ती माझ्यापेक्षा लहान आहे.

बायकोला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हसली नाही. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तू फार दमलायस, म्हणाली. पण ते घर आपल्याला नको, यावर तिचंही एकमत झालं. त्या वेळी तरी झालं.

त्यानंतर आम्ही किती घरं बघितली. उत्तरेकडे, टेकडीपलीकडे, कारखान्यांच्या पट्ट्यात. प्रत्येक ठिकाणी तेच. ताई येऊन गेल्या. ताई नको म्हणाल्या. एका मालकाने तर मला बाजूला घेऊन सांगितलं की एवढी साधी बहीण आहे तुमची, तिला असं बाहेर उभं ठेवत जाऊ नका. भाड्याने बघितलं, तिथेही ती जाऊन आलेली. पोलिसांकडे गेलो. त्यांनी विचारलं की बहिणीविरुद्ध तक्रार करायची आहे का. मी म्हटलं, मला बहीण नाही. मग तक्रार कोणाविरुद्ध, असं त्यांनी विचारलं.

कंपनीच्या खोल्या रिकाम्या करायचे दिवस जवळ आले.

एका संध्याकाळी बाबा खिडकीशी बसले होते. मी डोक्याला हात लावून समोर. ते सहज म्हणाले, ते शाळेसमोरचं घर घेऊन टाक की. तिला आवडलंय ना.

मला वाटलं, ठकीबद्दल बोलतायत. मी म्हटलं, ठकीने कुठे बघितलंय ते?

"ठकीला नाही. तिला."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण भ्रमिष्ट माणसाकडे बघतो. दयेने.

मग ते बोलत राहिले. लहानपणी पण अशीच हट्टी होती. ताप आला तरी औषध घ्यायची नाही. तुझी आई तिला मांडीवर घेऊन बसायची आणि मी दुकानातलं एक मोडकं घड्याळ तिच्या हातात द्यायचो, मग उघडायची तोंड. हे सगळं ते हसत हसत सांगत होते.

मी त्यांच्या कानांकडे बघितलं. ते लाल झाले नव्हते.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वय झालंय, स्मरणशक्तीचं काही असेल. डॉक्टरबाईंनी त्यांना वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. ते तर त्यांनी छापल्यासारखं काढलं. शेवटी विचारलं, मुलं किती?

दोन, बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की वडिलांची स्मृती उत्तम आहे. मग जरा अवघडून विचारलं, बहिणीशी तुमचा अबोला आहे का?

त्याच आठवड्यात मी कामावर असताना बायको बाबांना घेऊन ते घर बघून आली. तळमजला. शाळा समोर. बाक समोर. शेजारी एक म्हातारा केसाळ कुत्रासुद्धा होता. मालक हो म्हणाला होता. कोणी नको म्हणायला आलं नव्हतं.

मी थयथयाट केला. आपलं काय ठरलं होतं, त्याची आठवण करून दिली. ती खोक्यांवर बसून सगळं ऐकत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुझ्याकडे दुसरं घर आहे का?" तिने विचारलं.

नव्हतं.

आम्ही राहायला गेलो. सुरुवातीला काहीच झालं नाही. मागची खोली मी बंद ठेवली, तिच्या दाराला स्वतः कडी बसवली. ठकी रमली. बाबा बाकावर बसायला लागले आणि चार दिवसांत त्यांचा तिथे कट्टा जमला. बायकोला जवळच्या दवाखान्यात काम मिळालं. मीही मनाला समजावायला लागलो, की जागा बदलली, ताण गेला, प्रकार मिटला.

मग एकदा कामावरून लवकर घरी आलो, तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत चटई अंथरलेली. त्यावर ठकी बसली होती, एकटीच, भिंतीकडे तोंड करून, मान अगदी ताठ. मी हाक मारणार होतो…

तिचे केस हलत होते.

तीन पेड, एकावर एक, सावकाश गुंफले जात होते. हवेत. शेवटाला रबर बसलं. ठकीने हात मागे नेऊन वेणी चाचपली आणि वळून मला म्हणाली, बाबा, आत्या आईपेक्षा छान घालते. ओढत नाही.

मी तिला उचलून बाहेर आणलं. ती रडायला लागली. माझ्यामुळे रडायला लागली, खोलीतल्या कोणामुळे नाही.

स्वयंपाकघरात बायको तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी दाराशीच थांबलो. ती सांगत होती की आता काही दगदग नाही, नणंद आहे ना घरात, दुपारचं सगळं तीच बघते.

तिने फोन ठेवल्यावर मी तिला खांद्यांना धरलं. म्हटलं, तुला नणंद नाही. आपलं लग्न झालं तेव्हा तू माझ्या घरी आलीस, तेव्हा कोण होतं तिथे? आठव. आई, बाबा आणि मी.

तिने आठवायचा प्रयत्न केला. मी तिच्या डोळ्यांत बघत होतो. एक क्षण काहीतरी चमकलं. ती घाबरली. माझा हात तिने घट्ट धरला.

आणि मग ते विझलं.

"असं बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "तिला ऐकू जातं."

त्यानंतर तसा क्षण पुन्हा आला नाही. मी फार प्रयत्न केले.

घरात ती सगळ्यांना दिसते. फक्त मला नाही. जेवताना बाबा एका रिकाम्या जागेकडे बघून हसतात, बायको तिकडे भात वाढते. मी पाणी प्यायला मान वर करतो आणि परत बघतो, तोवर ताटातला भात कमी झालेला असतो. ती वाईट काही करत नाही. हेच मला कोणाला समजावता येत नाही. तिने कोणाचा गळा दाबला असता, भांडी फेकली असती, तर लोकांनी माझं ऐकलं असतं. ती बाबांच्या गुडघ्यांना तेल लावते. शेजारच्या कुत्र्याला पाव टाकते. शेजारचे लोक माझ्याशी तुटक वागतात, कारण मी सख्ख्या बहिणीशी बोलत नाही.

शेवटी मला आठवल्या त्या शिवणाच्या काकू. आमच्या जुन्या गावात, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. त्या शिवणाचे वर्ग चालवायच्या. माझ्या जन्माच्या वेळी आईला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. मला ओळखणारं जुनं माणूस तेवढं एकच उरलं होतं. वर्कशॉपमधून मी त्यांना फोन लावला. तिकडच्या चौकशा झाल्या आणि मी सरळच विचारलं, काकू, आम्ही भावंडं किती?

"असं काय विचारतोस रे? तू एकटाच की."

मला रडू आलं. जिन्याखाली, टूलबॉक्सवर बसून मी लहान मुलासारखा रडलो. काकू घाबरल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, तू घाबरू नकोस, मी येते तिकडे, तुझ्या बायकोला मी समजावते. ही पोरगी कोण ते मी बघते.

किती दिवसांनी मला कोणीतरी खरं मानलं होतं. त्या आठवड्यात मी नीट जेवलो.

रविवारी काकूंचा फोन आला. घरी, बायकोच्या फोनवर. बायको हसत हसत बोलत होती. मग तिने फोन पुढे केला…

माझ्याकडे नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

तो फोन खुर्चीच्या वर, कानाच्या उंचीला, अधांतरी राहिला. पलीकडून काकूंचा आवाज येत होता, बारीक, पण माझ्या कानांना शब्द न् शब्द कळला. त्या म्हणत होत्या, अगं, किती वर्षांनी आवाज ऐकला तुझा. माझ्याकडे शिकायला यायचीस तेव्हा एक टाका सरळ यायचा नाही.

त्या आल्या नाहीत. मग मीही कोणाला फोन केला नाही.

आता मी काय करतो, असं विचाराल. काही नाही. कामावर जातो. लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी घरी येतो, कारण माझी माणसं तिथे आहेत. ठकीला घेऊन निघून जायचा विचार दोनदा केला. दोन्ही वेळा ठकीनेच विचारलं, आत्या पण येणार ना? आणि गेलो तरी जाणार कुठे? कुठल्याही उपनगरात, कुठल्याही दारावर बेल वाजवली तरी दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघेल.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो.

दुपारी मी घरी होतो. बाकीचे बाहेर गेले होते. घर शांत होतं. मी हॉलमध्ये पेपर वाचत बसलो होतो, पण लक्ष लागेना. काहीतरी चुकत होतं, काय ते कळत नव्हतं. मशीन चालू असताना एखादा नेहमीचा आवाज बंद पडला की होतं तसं.

मग समजलं.

पावलं वाजत नव्हती. डावं जोरात पडणारं ते चालणं सकाळपासून ऐकू आलं नव्हतं.

मला बरं वाटायला हवं होतं. मी उठलो. मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार लोटलेलं होतं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, इतका हलका की दुसऱ्या कोणाला आला नसता…

आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"ताप आलाय का गं?"

मी तोंडावर हात दाबला. पण बोलून झालं होतं. आतलं कण्हणं थांबलं. मग चटईवर कोणीतरी कुशीवर वळलं, माझ्याकडे तोंड करून.

त्या क्षणी मला एक मोडकं घड्याळ दिसलं. तापलेल्या, चिमुकल्या मुठीत धरलेलं. मला ते आठवलं. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. मी तिथे उभा होतो, आईच्या खांद्याला धरून, असं आठवलं.

म्हणून हे आज लिहून टाकतोय. वाचून तुम्ही विश्वास ठेवा, ठेवू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा, की मला बहीण नाही. कधीच नव्हती.

माझ्या लक्षात राहील असं आता वाटत नाही.